मूल वर्गाच्या पुढे असेल तर शाळेकडे वरच्या इयत्तेची मागणी कशी करावी

दुसरीतल्या आमच्या मुलीची वर्गातली गणिते पाच मिनिटांत संपत आणि उरलेली तासिका ती वहीच्या मागच्या पानावर चौकोन काढत बसे. ‘हिला तिसरी न करता चौथीत बसवा’ असे आम्ही साताऱ्यातल्या तिच्या शाळेत तोंडी सांगितले आणि नकार घेऊन परतलो. शाळेपुढे ठेवण्यासारखे तेव्हा आमच्या हातात काहीच नव्हते.

म्हणून सुरुवात नोंदींपासून करावी. बालभारतीच्या पुढच्या इयत्तेच्या पुस्तकातले स्वाध्याय, आधी न शिकवता, मुलाला एकट्याने सोडवू द्यावेत आणि तारीख, लागलेला वेळ व अडलेली जागा लिहून ठेवावी. असे सहा आठवडे केल्यावर आम्हाला दिसले की हातच्याची वजाबाकी ती तोंडी करते, पण स्वतःच्या मनाने परिच्छेद लिहायचा म्हटले की दोन ओळींवर थांबते. मग आमची मागणीच बदलली: पूर्ण इयत्ता नको, गणिताच्या तासिकेपुरते तिसरीच्या वर्गात बसू द्यावे. शक्य असल्यास मानसशास्त्रज्ञाकडून बुद्धिमापन करून घ्यावे. मराठी मुलांसाठी बिने-कामत चाचणी उपलब्ध आहे.

इयत्ता गाळण्याआधी पुढचे हिशेब मांडावेत, कारण पालकांचे लक्ष नेमके इथेच नसते. नवोदयच्या सहावीच्या प्रवेशासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण झालेली लागतात. त्यातली एक गाळली की ती वाट बंद होते. सातारच्या सैनिक शाळेत सहावीसाठी 31 मार्च रोजी वय 10 ते 12 वर्षे असावे लागते आणि एक इयत्ता गाळलेली बरीच मुले तेव्हा दहाच्या आत असतात. वैद्यकीयच्या नीट परीक्षेसाठी प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत 17 वर्षे पूर्ण लागतात. सहाव्या वर्षी पहिलीत गेलेल्या मुलाची एक इयत्ता गाळली तर बहुधा निभावते, दोन गाळल्या तर नाही.

भेट आधी वर्गशिक्षकांची घ्यावी, मग मुख्याध्यापकांची. अर्ज लेखी द्यावा, सोबत नोंदींची प्रत जोडावी आणि पोच घ्यावी. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभा असलेल्या मुलांना वर्गापलीकडचे शिक्षण देण्यास प्रोत्साहन आहे, त्याचा उल्लेख जरूर करावा. मात्र त्यात इयत्ता गाळण्याचा हक्क दिलेला नाही, तेव्हा विनंती ही विनंतीच असावी. जिल्हा परिषदेच्या शाळेत निर्णय अडला तर केंद्रप्रमुख आणि पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे जाता येते, पण मुख्याध्यापकांना डावलून जाऊ नये. उद्या मुलाला त्यांच्याच शाळेत बसायचे असते.

मुलाला स्वतःला जायचे नसेल, किंवा वरच्या वर्गात त्याचेच भावंड असेल, तर हट्ट सोडावा. परदेशात अशा निर्णयांसाठी वापरल्या जाणाऱ्या आयोवा मापिकेतही या दोन गोष्टी थांबण्याचीच कारणे मानलेल्या आहेत.

शाळा तयार झाली तर सहा आठवड्यांची चाचणी मुदत ठरवावी. मुदत संपल्यावर दोन्ही वर्गांचे शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक यांनी एकत्र बसण्याची तारीख त्याच अर्जावर लिहून घ्यावी, आणि न जमल्यास मूल आपल्या जुन्या वर्गात, जुन्या बाकावर परत येईल हे त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.