नॅशनल इकॉनॉमिक्स चॅलेंज: संघाची तयारी
अमेरिकेतल्या हायस्कूलच्या मुलांसाठीच्या या स्पर्धेत आधी गट ठरवा: विषयात नवख्यांसाठी डेव्हिड रिकार्डो, एपी किंवा आयबी (हायस्कूलमधले प्रगत अभ्यासक्रम) स्तरावर शिकणाऱ्यांसाठी ॲडम स्मिथ. सूक्ष्म, समग्र आणि आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र मुलांमध्ये वाटून द्या. आलेख मात्र प्रत्येकाने हाताने काढायचे. गुण जातात ते इथेच. वस्तूची स्वतःची किंमत बदलली की मागणीची रेषा हलत नाही, तिच्यावरचा बिंदू सरकतो. उत्पन्न बदललं, तर रेषाच सरकते. तुलनात्मक लाभासाठी, म्हणजे कोणाला काय बनवणं तुलनेने स्वस्त पडतं हे ठरवायला, नुसतं उत्पादन पाहू नका, संधी-खर्च काढा: तासाला 6 पोती गहू किंवा 3 ठाण कापड, म्हणजे एका ठाणापायी 2 पोती गहू सोडावा लागतो. घाईत भागाकार उलटा होतो, म्हणून सराव घड्याळ लावूनच. चालू घडामोडींसाठी फेडरल रिझर्व्हचे (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे) व्याजदराचे निर्णय वाचत राहा.