चाचणीत नापास ठरून बडतर्फी? कोर्टात जाण्याआधी या चुका टाळा

अमली पदार्थांच्या चाचणीवरून बडतर्फ झालेला सरकारी कर्मचारी आला, की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "वकीलसाहेब, आता कोर्टातच सगळं बाहेर काढू." तिथेच घात होतो. कोर्ट चौकशी नव्याने करत नाही. निर्णय कसा घेतला गेला ते तपासतं, पुरावा अपिलासारखा पुन्हा तोलत नाही, बी. सी. चतुर्वेदी प्रकरणात १९९५ सालीच सर्वोच्च न्यायालयाने हे सांगून ठेवलंय.

एका खात्यातल्या चालकाच्या लघवीच्या नमुन्यात अफूवर्गातले अंश निघाले. त्या आठवड्यात तो डॉक्टरांनी लिहून दिलेलं, कोडीन (अफूवर्गातलंच एक द्रव्य) असलेलं खोकल्याचं औषध घेत होता. प्राथमिक चाचणी तेवढ्यानेही पॉझिटिव्ह येऊ शकते. डॉक्टरांची चिठ्ठी घरातच होती. पण "साहेब सांभाळून घेतील" या भरवशावर त्याने विभागीय चौकशीत ती दिलीच नाही, वर माफीनामा लिहून दिला. प्रयोगशाळेचा साक्षीदार आला आणि उलटतपासणीविना गेला. नमुना कोणासमोर सील झाला, लेबलवर सही कोणाची, खात्रीची दुसरी चाचणी झाली का, काही म्हणता काही विचारलं नाही. मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) चिठ्ठी पुढे केली, तर पहिलाच प्रश्न आला: "ही चौकशीत का दिली नाही?" बडतर्फी कायम झाली. माफीनाम्याने झटपट सुटका होते असं सांगणाऱ्या सहकाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

म्हणून दोषारोपपत्र घेऊन कोणी आलं, की मी आधी कोरा कागद पुढे करतो. नमुना किती वाजता घेतला, हजर कोण होतं, त्या दिवसांत कोणकोणती औषधं चालू होती, सगळं स्वतःच्या हाताने लिहायचं. कागदपत्रांची मागणी लेखीच, आणि पोच घेऊन.

चौकशी अहवालाची प्रत शिक्षेआधी मिळायलाच हवी (सर्वोच्च न्यायालयाचा करुणाकर निकाल, १९९३). मात्र "प्रत दिली नाही" एवढ्यावर भागत नाही. त्यामुळे बचावाचं नुकसान काय झालं, तेही दाखवावं लागतं.

विभागीय अपिलाची मुदत ४५ दिवस. ती घालवू नका. राज्य सरकारी कर्मचाऱ्याने थेट हायकोर्ट गाठू नये, आधी मॅट.

"शिक्षा जास्त आहे" एवढ्या एकाच मुद्द्यावर विसंबणारेही बरेच. २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या पीएसीच्या (राज्य सशस्त्र पोलीस दलाच्या) ट्रकचालकाची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या निवृत्तीत बदलली, कारण सेवा २५ वर्षांची आणि अपघात किरकोळ होता. पण दारू पिऊन गाडी चालवल्याचा दोष तसाच राहिला, आणि निकाल लागला तेव्हा तो चालक हयातही नव्हता.