कॉल्पोस्कोपीला जाताना

इंदुरात डॉक्टर 'बच्चेदानी के मुँह की दूरबीन जाँच', म्हणजे कॉल्पोस्कोपी, सांगतात आणि घरी सगळ्यांना पोटाला भोकं पाडणारी लॅप्रोस्कोपी आठवते. ही ती नव्हे. कॉल्पोस्कोप शरीरात शिरतच नाही. साधारण 30 सेंटिमीटरवरून गर्भाशयाचं तोंड मोठं करून दाखवतो. भूल नाही, उपास नाही. पोहे-जलेबी खाऊन गेलात तरी चालतं.

पाळीच्या आठव्या ते बाराव्या दिवसातली वेळ घ्या. आधीचे दोन दिवस संबंध नको, योनीत ठेवायच्या गोळ्या-क्रीमही नको; क्रीमचा थर राहिला तर तपासणीत लावायचं औषध पेशींपर्यंत पोचत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, आयोडीनची ॲलर्जी असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर आधीच सांगा.

गर्भाशयाच्या तोंडावर 3 ते 5 टक्के ॲसिटिक ॲसिड लावून निदान एक मिनिट थांबतात. घाई इथेच नडते, कारण पांढरा डाग हळूहळू उमटतो. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. साध्या सुजेतही तो येतो. तो किती दाट आहे, कडा किती ठळक आहेत, यावर सगळं ठरतं. रक्तवाहिन्यांची नक्षी हिरव्या फिल्टरमधून पाहतात. मग आयोडीन: निरोगी पेशी गडद तपकिरी होतात, संशयित भाग मोहरीसारखा पिवळा राहतो. पाळी गेलेल्या बाईत सगळंच फिकं दिसतं, तिथे फक्त आयोडीनवर विसंबू नये.

संशयित जागेचा 2-3 मिलिमीटरचा तुकडा काढतात. चिमटा बसतो, ओटीपोटात कळ येते. तुकड्याची बाटली लॅबला तुम्हीच न्यायची असेल तर आत फॉर्मेलिन आहे ना आणि वर तुमचं नाव आहे ना, तेवढं बघा. पाण्यात ठेवलेला तुकडा खराब होतो.

रक्त थांबवायला मॉन्सेल पेस्ट लावली असेल तर दोन-तीन दिवस कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट स्राव जातो, घाबरू नका. आठवडाभर संबंध टाळा. तासाभरात पॅड भिजला, ताप आला किंवा घाण वास आला तर लगेच डॉक्टरांकडे जा.

रिपोर्टवर 'सीआयएन 1' (पेशींमधला कॅन्सरपूर्व बदल; 1 म्हणजे सौम्य) असेल तर बहुधा लक्ष ठेवतात, 2-3 ला सहसा उपचार लागतात. नॉर्मल लिहिलं असलं तरी 'ट्रान्सफॉर्मेशन झोन' कोणत्या प्रकारचा, हे विचारा. ट्रान्सफॉर्मेशन झोन म्हणजे पेशींत बदल होण्याची जागा; टाइप 3 म्हणजे ती गर्भाशयाच्या तोंडाच्या आतल्या नळीत शिरलेली, पूर्ण दिसलीच नाही. चाळिशी-पन्नाशीनंतर हे नेहमीचंच. मग आतला नमुना घ्यायचा की कसं, ते त्याच भेटीत ठरवून घ्या.