कुत्र्याला गजकर्ण झाल्यासारखं वाटतंय? दवाखान्यात नेण्याआधीची तयारी

पावसाळ्यात कुत्र्याच्या अंगावरचे केस गोल गोल जाऊ लागले, की आपल्या विदर्भातल्या गावांत कोणी गाडीचं जळकं ऑईल चोपडतं, तर कोणी मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणतं. म्हणून तयारीतलं पहिलं काम हेच, की दवाखान्यात जाईपर्यंत अंगाला काहीही लावायचं नाही. जळक्या ऑईलने कातडी भाजते आणि चाटून ते विष पोटातही जातं. ट्यूबचं नुकसान पटकन दिसत नाही. अशा बऱ्याच मलमांत क्लोबेटासॉलसारखं स्टेरॉइड असतं. लाली उतरते, खाज थांबते, पण गजकर्णाची बुरशी पसरत राहते आणि डॉक्टरांना डागाचं मूळ रूप दिसतच नाही. आधीच काही लावून झालं असेल तर लपवू नका, ती ट्यूब सोबत न्या. आदल्या दिवशी आंघोळही घालू नका. तपासायला केस आणि खपल्या जशाच्या तशा हव्या असतात.

डागांचे फोटो उजेडात काढा, एक जवळून आणि एक पूर्ण अंगाचा. सुरुवात कुठून झाली, खाज किती, हे लिहून ठेवा. गजकर्णात केस बुडाशी तुटतात, कडेला कोंड्यासारख्या खपल्या येतात आणि खाज बरेचदा कमीच असते. कुत्रं रात्रंदिवस खाजवत असेल, कानाच्या कडा आणि कोपरं जाड झाली असतील, तर खरजेचा संशय येतो. अंग तेलकट, चिकट आणि कानाला आंबूस वास असेल, तर मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट वाढलेलं असू शकतं. पण नुसतं बघून ठरवू नका. खरजेचं औषध बुरशीवर चालत नाही.

म्हणून डॉक्टरांना तपासणीचं स्वतःहून विचारा. कातडी खरवडून खरजेचे बारीक किडे शोधता येतात, केस पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी बघता येते. वूड्स लॅम्प या अतिनील दिव्याखाली हिरवट चमक दिसली तर गजकर्णाच्या मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीचा संशय बळावतो. पण चमक नाही म्हणजे गजकर्ण नाही, असं मात्र नाही. खात्रीसाठी केसांचं कल्चर करतात, म्हणजे त्यातली बुरशी वाढवून बघतात, त्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात. तालुक्याला सोय नसेल तर नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था यांच्याकडे आधी चौकशी करा.

वजन घरूनच करून न्या, गोळीचा डोस किलोवर ठरतो. धान्याच्या काट्यावर कुत्र्याला उचलून उभं राहा आणि आपलं वजन वजा करा. कुत्री गाभण असेल तर ते सर्वांत आधी सांगा, कारण ग्रिसिओफुल्विन या बुरशीवरच्या गोळीने पिल्लांत व्यंग येऊ शकतं. कधी कावीळ झाली असेल तर तेही सांगा. इट्राकोनॅझोल या बुरशीवरच्या दुसऱ्या औषधाचा ताण यकृतावर येऊ शकतो. तोंड बांधायला सुती पट्टी, धरायला घरचं ओळखीचं माणूस आणि रेबीजच्या लसीचं कार्ड सोबत असू द्या.

घराची तयारी त्याच दिवशी सुरू करा. गळालेल्या केसांतले बुरशीचे बीजाणू महिनोन्‌महिने जिवंत राहतात. कुत्रं ज्या बारदान्यावर झोपतं तो जाळून टाका आणि उपचार चालू असेपर्यंत त्याला सिमेंटच्या ओट्यावर बांधा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ब्लीचचं बळ संपतं. ओटा मात्र आधी साबणाने घासून केस काढले, मग बत्तीस भाग पाण्यात एक भाग घरगुती ब्लीच घालून दहा मिनिटं ओला ठेवला, तर स्वच्छ होतो. ब्लीचमध्ये फिनाइल किंवा ॲसिड मिसळू नका.

मायकोनॅझोल आणि क्लोरहेक्सिडिन असलेला शाम्पू डॉक्टरांनी दिला तर तो बहुधा आठवड्यातून दोनदा लावावा लागतो. नुसत्या डागावर लावून भागत नाही, पूर्ण अंगाला लावायचा. दहा मिनिटं घड्याळ बघून फेस अंगावर ठेवा. ही मिनिटं मोजली नाहीत तर शाम्पूचे पैसे वाया जातात. फेस चाटू देऊ नका. हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा.

लेकरांना तोवर कुत्र्याशी खेळू देऊ नका. कोणाच्या अंगावर गोल, खाजरा चट्टा दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि घरात कुत्र्यालाही झालंय हे तिथे सांगा. घरी मांजर असेल तर तिलाही तपासून घ्या, ती वरून निरोगी दिसूनही बुरशी बाळगते. गोठ्यातल्या वासरांच्या डोळ्यांभोवती राखाडी खपल्या असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

केस परत उगवले म्हणून औषध थांबवू नका. दवाखान्यातून निघतानाच फेरतपासणीची तारीख लिहून घ्या आणि ती झाल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हाच गोळ्या बंद करा.