सात बातम्यांचा एकच उगम

माध्यमं, तंत्रज्ञान आणि सिनेमा-मालिका यांवर ऑनलाइन लिहायला लागून मला आता नऊ वर्षं होतील. नव्याने लिहिणारे विचारतात, आठवड्यातून किती लेख टाकावेत, मथळा केवढा असावा, थंबनेलवर चेहरा हवाच का? हे सगळं दोन-तीन महिन्यांत हात बसला की येतं, त्यामुळे त्यावर मी शब्द खर्च करत नाही. मी ज्या एका खड्ड्यात पडले त्याबद्दल मात्र सविस्तर सांगायचं आहे. तो खड्डा निष्काळजी माणसासाठी नसतोच. आपण नीट पडताळणी करतोय अशी खात्री असलेला माणूसच त्यात पडतो.

माझं लिहिण्याचं दुसरं वर्ष होतं. फोटो टाकण्याच्या एका लोकप्रिय ॲपने आपल्या अटी गुपचूप बदलल्या, आता तुमचे फोटो कंपनीच्या मालकीचे झाले, अशी बातमी आली. मी ती एका ठिकाणी वाचून थांबले नाही. सात ठिकाणी वाचली. त्यांत दोन मोठी, प्रतिष्ठित नावं होती. सातही दुवे वहीत लिहून काढले आणि वाटलं, सात जण सांगतायत म्हणजे पक्कं आहे. रात्री दीडपर्यंत जागून दोन हजार शब्दांचा संतप्त लेख लिहिला. तोवरच्या माझ्या कुठल्याही लेखापेक्षा तो जास्त पसरला.

तिसऱ्या दिवशी एका वाचकाची चार ओळींची मेल आली. सोबत त्याच अटींच्या पानाची चार वर्षांपूर्वीची प्रत होती, वेबॅक मशीन या जुनी वेबपानं साठवून ठेवणाऱ्या साइटवर जपलेली. ज्या कलमावर मी एवढं लिहिलं होतं ते त्या जुन्या प्रतीतही होतं, स्वल्पविरामासकट जसंच्या तसं.

त्या रात्री मी सात दुवे उलटे चालत गेले. चौघांनी एकाच तंत्रज्ञानविषयक साइटचा हवाला दिला होता. दोघांनी या चौघांपैकी एकाचा. सातव्याने नुसतंच ‘वृत्तानुसार’ म्हटलं होतं. आणि त्या मूळ साइटकडे काय होतं? समाजमाध्यमावरच्या एका पोस्टचा स्क्रीनशॉट. पोस्ट लिहिणाऱ्याने अटी आयुष्यात पहिल्यांदा वाचल्या होत्या, आणि आपण आज वाचलं म्हणजे ते आजच आलं असं त्याला वाटलं. या साखळीत कुणीही खोटं बोललेलं नव्हतं. प्रत्येकाने आधीच्यावर विश्वास ठेवला, आणि शेवटी मी त्या सगळ्यांवर.

कलमाचा अर्थही मी चुकीचा लावला होता. ‘जगभर, विनामोबदला, पोटपरवाना देता येईल असा परवाना’ (पोटपरवाना म्हणजे तीच परवानगी पुढे दुसऱ्याला देणं) ही भाषा फोटो-व्हिडिओ टाकता येणाऱ्या जवळपास प्रत्येक सेवेच्या अटींत असते. तुमचा फोटो दुसऱ्याच्या पडद्यावर दाखवायचा, त्याची लहान प्रत बनवायची, वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवायचा, तर कंपनीला तुमची परवानगी लागते. मालकी तुमचीच राहते, तुम्ही वापराचा परवाना देता. असा परवाना गरजेपेक्षा रुंद असू शकतो, त्यावर टीका जरूर करावी. पण ‘मालकी गेली’ हे विधान वेगळं आणि ‘परवाना फार रुंद आहे’ हे वेगळं.

म्हणजे असा आरडाओरडा नेहमी पोकळच असतो, असं मात्र समजू नका. डिसेंबर २०१२ मध्ये इन्स्टाग्रामने अटी खरोखरच बदलल्या होत्या. वापरकर्त्यांचे फोटो जाहिरातींसाठी वापरता येतील असा अर्थ निघणारी भाषा त्यात होती. लोक भडकले आणि काही दिवसांतच कंपनीने जाहिरातींचा तो भाग पूर्ववत केला. त्या वेळी ओरडणारे बरोबर होते. फरक एवढाच की तिथे जुना मजकूर आणि नवा मजकूर शेजारी ठेवून दाखवता येत होता. मी ते शेजारी ठेवून पाहिलंच नव्हतं.

एकमेकांच्याच आधारावर सगळ्यांनी बातमी छापायची, याला वर्तुळाकार वार्तांकन म्हणतात, आणि त्यात मोठेमोठे अडकलेत. मार्च २००९ मध्ये संगीतकार मोरिस जार यांचं निधन झालं, तेव्हा डब्लिनमधल्या एका विद्यार्थ्याने त्यांच्या विकिपीडियाच्या पानावर स्वतः रचलेलं एक वाक्य त्यांच्या तोंडी घातलं. ते वाक्य कुठल्याही स्रोताशिवाय होतं, आणि विकिपीडियाच्या संपादकांनी ते काढूनही टाकलं. तरी तेवढ्या वेळात ते नामांकित वर्तमानपत्रांच्या मृत्युलेखांत पोचलं. त्या विद्यार्थ्याने स्वतःहून कळवलं तेव्हा दुरुस्त्या झाल्या. तो गप्प राहिला असता, तर विकिपीडियावर त्या वाक्याला पुरावा म्हणून पुढे तीच वर्तमानपत्रं जोडली गेली असती.

तर ‘किती जणांनी छापलं’ हे मोजणं सोडा. प्रत्येक बातमीला एकच प्रश्न विचारा: हे यांना कसं कळलं? कागद स्वतः पाहिला, माणसाशी स्वतः बोलले, प्रसंगी स्वतः हजर होते, एवढीच तीन उत्तरं मी मोजते. ‘म्हटलं जातंय’, ‘समोर आलं आहे’, ‘चर्चेला उधाण’ या शब्दप्रयोगांत सांगणारा कोण ते नसतं, म्हणून ते मी शून्य धरते. माझ्या सात दुव्यांची या हिशेबाने बेरीज शून्य होती. त्या मूळ साइटनेही अटींचं पान उघडलं नव्हतं.

नक्कल ओळखायच्या काही खुणा मला हळूहळू कळल्या. नावाचं तेच चुकीचं स्पेलिंग दोन ठिकाणी दिसलं. लांब विधान दोघांनी नेमकं एकाच शब्दावर तोडलं. एखादं विचित्र विशेषण, जे दोन लेखकांना एकाच दिवशी सुचणं शक्य नाही, ते दोन्हीकडे आलं. अशा वेळी ते दोन स्रोत नसतात, एकच असतो. प्रसिद्धीची वेळही पाहा, पण वेगवेगळ्या टाइमझोनचा हिशेब करून. सगळ्यांत आधी कुणी टाकलं ते सापडलं की अर्धं काम झालं.

हे वाचून ‘आपल्याला जमणार नाही’ असं वाटत असेल तर थांबा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला. त्यात ४५ जणांना काही संकेतस्थळांची विश्वासार्हता तपासायला दिली: १० पीएचडी झालेले इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थी. अस्सल दिसणारे लोगो आणि वजनदार नावं यांना इतिहासकारही फसले. तपासनीस त्या पानावर रेंगाळलेच नाहीत. त्यांनी लगेच दुसरे टॅब उघडून या पानामागे कोण आहे ते शोधलं. ही सवय आहे, हुशारी नव्हे, आणि सवय लावता येते. टॅब मीही सात उघडले होते, पण प्रत्येकात तीच बातमी पुन्हा वाचली. ‘हे कोण, यांना कुणी सांगितलं’ हे एकाही टॅबमध्ये शोधलं नाही.

आता वेगाबद्दल. ‘पहिल्या तासात लिहा, नाहीतर लाट गेली’ असं शिकवणारे मार्गदर्शक तुम्हाला भेटतील, बरेच जण पैसे घेऊन शिकवतात. माझं स्पष्ट मत आहे, त्यांच्यापासून लांब राहा. २३ एप्रिल २०१३ ला असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेचं ट्विटर खातं हॅक झालं आणि त्यावरून व्हाइट हाउसमध्ये स्फोट झाल्याचं खोटं ट्विट गेलं. अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक क्षणात शंभराहून अधिक अंकांनी कोसळला आणि काही मिनिटांत परत वर आला. स्रोत खरा होता, खातं खरं होतं, तरी मजकूर खोटा होता. चहा पिण्याएवढा वेळ थांबला असता तर तुमचं काय बिघडलं असतं?

मला मिळालेली खरी मार्गदर्शक एक निवृत्त उपसंपादिका. तिने माझं लेखन कधी सुधारून दिलं नाही. ती फक्त समासात लिहायची, ‘कुठून?’ प्रत्येक पानावर चार-पाच वेळा. तेव्हा राग यायचा. असा माणूस मिळाला तर सोडू नका.

एआयकडून सारांश करून घेण्याबद्दलही रोज विचारतात. मी मूळ बातमीच्या जागी सारांश वाचत नाही. ‘अमुक साइटनुसार’ हे शब्द, म्हणजे नेमकी जी शिवण आपल्याला उसवून पाहायची असते, तीच सारांशात पुसली जाते. सीनेट (CNET) या तंत्रज्ञानविषयक साइटने एआयने लिहिलेले ७७ लेख प्रसिद्ध केले होते. २०२३ मध्ये तपासणीनंतर त्यांपैकी ४१ लेखांवर दुरुस्ती टाकावी लागली. वाक्यं सफाईदार होती, म्हणूनच चुका दिसल्या नाहीत.

उपकरणांची परीक्षणं लिहिणार असाल तर वस्तू किती दिवस वापरली ते पहिल्याच परिच्छेदात सांगा, आणि ती कंपनीने दिली की तुम्ही विकत घेतली तेही. सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ चं ऑगस्ट २०१६ मध्ये भरभरून कौतुक झालं. सप्टेंबरमध्ये बॅटऱ्या पेटत असल्यामुळे तो परत मागवावा लागला आणि ऑक्टोबरमध्ये बंदच झाला. परीक्षकांनी जे पाहिलं ते खरंच लिहिलं होतं, पण ते काही दिवसांचंच पाहणं होतं. सिनेमा-मालिकांचं सोपं आहे: शेवटपर्यंत बघा, मग लिहा. कमाईचा आकडा देताना तो निर्मात्याने सांगितलेला आहे का ते तपासा.

चूक झाल्यावरचं वागणं मात्र मी फार उशिरा शिकले. मी लेख गुपचूप काढून टाकला होता. दोन दिवस मला वाटलं की प्रकरण मिटलं, पण लेखाचे स्क्रीनशॉट फिरतच राहिले आणि आता त्यांच्याशेजारी माझी दुरुस्तीही नव्हती. मग लेख परत लावला, अगदी वर तारखेसह लिहिलं की काय चुकलं आणि ते कशामुळे कळलं, आणि मथळ्यातही ‘दुरुस्ती’ शब्द घातला. तेव्हा हात कापत होते. वाचक तुटतील असं वाटलं होतं, पण फारसे तुटले नाहीत. ती भीती तुमच्याही वाट्याला येईल, आणि ती जाते.

त्या वाचकाला उत्तर लिहायला मला अकरा दिवस लागले. आभार मानले आणि विचारलं, ते कलम जुनं आहे हे तुम्हाला कसं कळलं? त्याचं उत्तर एका ओळीत आलं: ॲप घेतलं तेव्हा अटी वाचल्या होत्या.