आई-बाबांची खोली बेसमेंटमध्ये करण्याआधी रेडॉन मोजा

आयोवातल्या आपल्या लोकांची बेसमेंटं साधारण सारखीच. एकीकडे ट्रेडमिल, भिंतीला तांदळाच्या पिशव्या आणि कोपऱ्यातली खोली भारतातून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आई-बाबांची. त्या खोलीत पलंग टाकण्याआधी रेडॉन मोजा, हे मी भेटेल त्याला सांगते.

जमिनीतल्या युरेनियमपासून बनणारा हा वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. फरशीच्या भेगांतून, बेसमेंटखालचं पाणी उपसणाऱ्या संप पंपाच्या खड्ड्यातून तो वर येतो. अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाचं धूम्रपानाखालोखाल हेच कारण. ईपीए या तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेच्या अंदाजाने वर्षाला सुमारे २१,००० मृत्यू. त्यांच्या नकाशात आयोवाच्या सगळ्या ९९ काउंट्या सर्वांत धोक्याच्या गटात आहेत. शेजारणीकडे आकडा कमी आला म्हणून निर्धास्त राहू नका, लागून असलेल्या दोन घरांतही खूप फरक पडतो. पेनसिल्व्हेनियात १९८४ साली स्टॅनली वॉट्रस नावाचे गृहस्थ अणुवीज केंद्रात कामावर शिरताना किरणोत्साराची धोक्याची घंटा वाजायची. शोध घेतल्यावर दोष निघाला त्यांच्या घरातल्या रेडॉनचा!

हार्डवेअरच्या दुकानात रेडॉन मोजायचं कोळशाचं किट स्वस्तात मिळतं. जिथे माणसं वावरतात त्या सगळ्यांत खालच्या मजल्यावर, जमिनीपासून निदान वीस इंच उंच ठेवा. बाथरूम आणि कपडे धुण्याची जागा टाळा, दमटपणाने कोळशाचा आकडा बिघडतो. चाचणीच्या बारा तास आधीपासून ती संपेपर्यंत खिडक्या बंद. आपलं घोडं इथेच अडतं. फोडणीचा ठसका लागला की हात खिडकीकडे जातो, आणि बाबांना तर हवा खेळती हवीच असते. एक्झॉस्ट थोडा वेळ चालेल, खिडकी नको. येण्याजाण्यापुरतं दार उघडलं तर हरकत नाही. किटवर लिहिलेली मुदत संपली की डबी लगेच बंद करून त्याच दिवशी पोस्टाने प्रयोगशाळेकडे पाठवा. रेडॉन पावणेचार दिवसांत निम्मा होतो, डबी गाडीत पडून राहिली तर चाचणी वाया.

शक्यतो थंडीत मोजा. तापलेली हवा वर जाते, घर जमिनीतून हवा ओढतं आणि आकडा बहुधा चढा येतो.

लिटरभर हवेला चार पिकोक्युरी (किरणोत्सार मोजायचं एकक) किंवा जास्त आले तर पुन्हा मोजून खात्री करा. तरीही तेवढेच असतील तर रेडॉन बाहेर काढायचं काम करून घ्या. दोन ते चारच्या मध्ये आले तरी विचार कराच, कारण पूर्ण सुरक्षित असा आकडाच नाही. घर घेताना हा मुद्दा विक्रेत्याशी घासाघीस करायला कामी येतो.

नुसत्या भेगा बुजवून भागत नाही. परवानाधारक माणूस फरशीला भोक पाडून पीव्हीसी पाइप बसवतो आणि पंख्याने खालची हवा ओढून छपराच्या वर सोडतो. खर्च बहुतेक हजार-दोन हजार डॉलरच्या आसपास. पंखा माळ्यावर किंवा घराबाहेरच हवा. बेसमेंटमध्ये बसवतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

पंखा चोवीस तास चालल्यावर, महिन्याच्या आत पुन्हा मोजा, मग दर दोन वर्षांनी. पाइपवरच्या यू आकाराच्या नळीवर अधूनमधून नजर टाका. रंगीत द्रव दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर दिसला, तर पंखा ओढत नाहीये. आणि वीज वाचवायला कुणी तो बंद करू नये, हे बाबांना आल्याआल्याच सांगून ठेवा.