मासे अंडी कुठे घालतात ते शोधायचंय? मग आधी गाबोळी बघायला शिका

सुरमई, कुपा, बांगडा हे फिरते मासे अंडी नक्की कुठे घालतात हे शोधायचं म्हटलं की सगळे आधी बोट आणि जाळ्याचाच विचार करतात, पण मुंबईत असाल तर पहाटे ससून डॉकला, म्हणजे मासळी उतरते त्या बंदरावर जा आणि गाबोळी, म्हणजे मादीच्या पोटातली अंड्यांची पिशवी, बघायला शिका, कारण समुद्रात कधी जायचं ते तीच सांगते.

एकच जात धरा. माशाचं वजन घ्या, गाबोळी काढून तिचं वेगळं घ्या, गाबोळी भागिले मासा गुणिले १००. दर महिन्याला हा आकडा काढत राहिलात की तो कधी चढतो आणि कधी धाडकन पडतो ते दिसतं, पडला म्हणजे अंडी टाकून झाली. पण नुसत्या वजनावर जाऊ नका, थोडी गाबोळी फोडून भिंगाखाली धरा. दाणे पिवळट, गढूळ असतील तर अजून वेळ आहे. मधेमधे शिजलेल्या साबुदाण्यासारखे फुगलेले, आरपार दिसणारे दाणे असतील तर ती मादी काही तासांत, फार तर दिवसभरात अंडी टाकणार होती, म्हणजे ती जिथे सापडली ती जागा सोन्याची!

ती जागा बाजारात कळत नाही, तांडेलालाच, म्हणजे बोटीच्या म्होरक्यालाच विचारायचं, किती वाव (खोली मोजायचं माप) पाणी होतं, कुठल्या बाजूला, जीपीएसचा पॉइंट मिळाला तर उत्तमच. फक्त लिलाव आटपू द्या, मधे मधे करू नका. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, तेव्हा पावसाळ्यात तक्त्यात खिंडार पडणारच, तिथे अंदाजाने आकडे भरू नका प्लीज.

मग पिल्लं. त्यासाठी बोंगो नेट लागतं, दोन गोल तोंडांचं, बहुतेक ६० सेंमी व्यासाचं, ३०० किंवा ५०० मायक्रॉन जाळीचं, बोट हळू चालवत तिरकं खाली सोडून वर ओढायचं. तोंडाशी फ्लोमीटर हवाच, नाहीतर किती पाणी गाळलं ते कळत नाही आणि दोन जागांची तुलनाच होत नाही. पकडलेलं लगेच ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाका. फॉर्मलिनमध्ये आकार छान टिकतो पण माशाच्या कानातले बारीक दगड झिजतात आणि डीएनए पण बिघडतो.

मायक्रोस्कोपखाली आधी बलकाची पिशवी आहे की संपली ते बघा, मग शेपटीकडचं कण्याचं टोक सरळ आहे, वर वाकतंय की वाकून झालंय ते लिहा. वय यावरून नाही, टप्पा कळतो. जात ओळखायला अंगावरचे स्नायूंचे पट्टे मोजा, कुप्याच्या बऱ्याच भाईबंदांत ते ३९ च्या आसपास असतात, तरी शंका राहिली तर डीएनए.

वय कळतं कानातल्या दगडावरून, त्यात रोज एक रिंग पडते, हे १९७१ मध्ये पॅनेला या शास्त्रज्ञाने दाखवलं. हात बसवायला ढोमीचे दगड घ्या, चांगले मोठे असतात, जेवताना दाताखाली येतात तेच.

शेवटी नकाशा. योहानेस श्मिट या डॅनिश शास्त्रज्ञाने युरोपातल्या ईलची (सापासारख्या लांब माशाची) पिल्लं किती लांब आहेत ते वर्षानुवर्षं मोजलं, सगळ्यात छोटी अटलांटिकमधल्या सारगॅसो समुद्रात सापडली आणि १९२२ मध्ये त्याने तीच जन्मजागा म्हणून मांडली. तुम्हीही तेच करा, मोठी पिल्लं बाजूला ठेवा, सगळ्यात लहान वेगळ्या रंगाने मांडा, त्यांच्या वयाचे दिवस मोजून तितके दिवस नकाशावर समुद्राचा प्रवाह उलटा चालवा, म्हणजे ती कुठून वाहत आली ते कळेल, आणि तो पट्टा तांडेलाने दिलेल्या पॉइंटशी जुळतो का ते बघा.